वर फूल, खाली भुरी

फ्लॉक्सच्या पानावर पांढरं काही दिसलं की बागेत उभं असलेलं माणूस आधी त्यावर अंगठा फिरवतं. त्यामागे विचार नसतो, हात आपसूक जातो. पांढरं पुसलं जातं, खालचं हिरवं दिसतं आणि तेवढ्यापुरतं बरं वाटतं. आठवडाभरात तेच पान पुन्हा पांढरं झालेलं असतं आणि वरच्या पानांच्या जोडीवरही शिंतोडे उठलेले असतात. अमेरिकेच्या पूर्व भागात, पेनसिल्व्हेनियाच्या नि न्यू जर्सीच्या उपनगरांत, जुलै सरता सरता हे सगळं सुरू होतं. नेमका तोच काळ फुलांचाही असतो. झाड वरून ऐन बहरात आणि खालून आजारी, अशा अवस्थेत ते दोन महिने उभं राहतं.

झाड त्याच भूमीचं. फ्लॉक्स पॅनिक्युलाटा हे त्याचं शास्त्रीय नाव. पूर्व अमेरिकेतल्या ओलसर रानांच्या कडेला, ओढ्यांच्या काठाला ते आपलं आपण वाढतं. दोन ते चार फुटांच्या सरळ काड्या, टोकाला पाच पाकळ्यांच्या फुलांचा घुमट. पांढरा, गुलाबी, जांभळा, किरमिजी. दिवसाउजेडी उडणारा, पारदर्शक पंखांचा एक पतंग या घुमटासमोर हवेत एका जागी तरंगत सोंड लांबवतो आणि पाहणाऱ्याला क्षणभर तो गुंजन पक्षीच वाटतो. पानं समोरासमोर जोडीनं येतात, प्रत्येक जोडी खालच्या जोडीशी काटकोन करून. पान उजेडात धरलं तर शिरा थेट कडेला पोचत नाहीत, काठाच्या अलीकडेच वळून एकमेकींना मिळतात. हे पाहायचं तर नजर फुलांवरून खाली आणावी लागते. ती आणली की बाकीचंही दिसतं. मधली पानं पांढुरकी, त्याखालची पिवळी, त्याखालची तपकिरी होऊन लोंबणारी, आणि तळाशी नुसत्या काड्या. या उघड्या पायांवर माळ्यांनी फार पूर्वीच एक तोडगा काढला: पुढच्या रांगेत काहीतरी ठेंगणं आणि दाट लावायचं. बागकामाची पुस्तकं आजही तोच सल्ला देतात.

महाराष्ट्रात फ्लॉक्स म्हटलं की हे झाड कुणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. पुण्या-नाशकाच्या रोपवाटिकांत पावसाळा संपता संपता पेटुनिया, डायंथस, पॅन्सीच्या जोडीला जी वीतभर उंचीची फ्लॉक्सची रोपं विकायला येतात, ती त्याच्या चुलत घराण्यातली. थंडीत फुलायचं, ऊन तापलं की संपायचं, असा त्यांचा एका हंगामाचा संसार. ही जात टेक्सासची. थॉमस ड्रमंड नावाचा स्कॉटिश वनस्पतिसंग्राहक १८३३ मध्ये टेक्सासच्या किनाऱ्यावर उतरला, तेव्हा तिथे पटकीची साथ होती. ती त्यालाही झाली. त्यातून तो उठला आणि पुढे दीड-दोन वर्षं पायपीट करत शेकडो जातींच्या वनस्पती आणि पक्ष्यांचे नमुने गोळा करत राहिला. १८३५च्या मार्चमध्ये क्यूबात हवाना इथे त्याचा मृत्यू झाला. त्यानं पाठवलेल्या बियांपैकी काही ग्लासगोत विल्यम जॅक्सन हूकर यांच्या हाती पडल्या. त्यातून उगवलेल्या लालभडक फुलाला हूकर यांनी त्याच वर्षी ड्रमंडचं नाव दिलं. जानेवारीत पुण्यातल्या वाफ्यांत दिसणारा फ्लॉक्स ड्रमंडी तो हाच. त्याच्या उंच, बहुवर्षायू भावंडाला मात्र हिवाळ्यात जमिनीलगत वाळून जाण्याची आणि वसंतात बुंध्यातून नव्यानं फुटण्याची सवय असते. थंडीची ती लांब झोप मिळाल्याशिवाय त्याची घडी बसत नाही, म्हणून ते आपल्याकडे फारसं रुजलं नाही.

झाड अनोळखी असलं तरी त्याच्या पानावरचा पांढरा थर मराठी माणसाला परका नाही. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागायतदाराला विचारा. तो पान हातात घेऊन उलटंपालटं करेल आणि एका शब्दात सांगेल, भुरी. हीच भुरी आंब्याच्या मोहोरावर येते, वाटाण्यावर येते, भोपळ्याच्या वेलावर येते. मात्र दिसायला सारखी असली तरी ती एकच नव्हे. द्राक्षावरची बुरशी फ्लॉक्सवर जगत नाही आणि फ्लॉक्सवरची गुलाबाला लागत नाही. फ्लॉक्सवर मुख्यतः गोलोव्हिनोमायसिस मॅग्नीसेल्युलेटस या बुरशीचं राज्य असतं आणि तिची नजर फ्लॉक्स आणि त्याच्या सग्यासोयऱ्यांपलीकडे जात नाही. त्यामुळे गुलाबावर भुरी दिसली म्हणून शेजारचा फ्लॉक्स उपटणं किंवा फ्लॉक्सवर दिसली म्हणून भोपळ्याची काळजी करणं, दोन्ही व्यर्थ. दोघांवर एकाच आठवड्यात पांढरं आलं असेल, तर त्याचं कारण हवा.

या बुरशीचं पाण्याशी नातं मोठं विचित्र आहे. बहुतेक बुरशींना रुजायला पानावर पाण्याचा थेंब लागतो. भुरीच्या बीजाणूच्या पोटात मात्र रुजण्यापुरतं पाणी आधीच साठलेलं असतं. तिला हवा दमट हवी, पान मात्र कोरडं. जोराचा पाऊस तर तिला धुऊन काढतो. म्हणूनच नाशकात धो धो पावसाच्या दिवसांत डाउनी आणि करपा या रोगांची धास्ती असते आणि आभाळ उघडून हवा गार, बिनपावसाची, अधूनमधून ढगाळ झाली की भुरीची. पेनसिल्व्हेनियात ऑगस्टच्या मध्याला दिवस उबदार, रात्री गार आणि पहाटे हवेत ओल अशी स्थिती येते, आणि ती भुरीला अगदी मानवते. फ्लॉक्सची गर्दी झालेली असेल, काड्या एकमेकींना चिकटून वारा अडत असेल, मागे भिंत असेल, तर बघायलाच नको. बीजाणू पानावर पडतो, रुजतो, पेशीत एक बारीक शोषकमूळ घालतो आणि आठवड्याच्या आत स्वतःचे नवे बीजाणू वाऱ्यावर सोडून मोकळा होतो. पेशीला तो मारत नाही. जिवंत पानाशिवाय त्याला जगताच येत नाही, त्यामुळे पान टिकणं त्याच्याही हिताचं असतं. झाड म्हणूनच खंगतं, विद्रूप होतं, पण भुरीनं सहसा मरत नाही. मरत नाही आणि बरंही दिसत नाही, या अडचणीतूनच बागेतल्या औषधांचा मोठा बाजार उभा राहिला आहे.

पांढऱ्याचा उलगडा असा तुलनेनं सोपा आहे. अंगठ्यानं पुसलं गेलं, पानाच्या वरच्या बाजूला आहे, ऑगस्ट आहे, मग भुरीच. खरी परीक्षा बाकीच्या रंगांची. आजार शेकडो आणि पानाकडे ते दाखवायच्या तऱ्हा मोजक्याच. ते पिवळं होऊ शकतं, तपकिरी होऊ शकतं, त्यावर ठिपके येऊ शकतात, ते मुडपू शकतं किंवा गळू शकतं. तहान, पाणी जास्त होणं, उपासमार, किडा, बुरशी, विषाणू, शेजाऱ्याचं तणनाशक, या सगळ्यांना एवढ्याच तऱ्हांत व्यक्त व्हायचं असतं.

या गुंत्यालाच एका बाईंनी आपला व्यवसाय केला. सिंथिया वेस्टकॉट, जन्म १८९८, मॅसॅच्युसेट्सच्या. कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी वनस्पतिरोगशास्त्रात डॉक्टरेट मिळवली, पण ते दिवस महामंदीचे होते आणि त्या क्षेत्रात स्त्रीला कायमची नोकरी मिळणं दुरापास्त होतं. १९३३ मध्ये त्यांनी न्यू जर्सीतल्या ग्लेन रिजमध्ये झाडांचा दवाखानाच थाटला. फरक एवढाच की इथे डॉक्टर रोग्याकडे जात. त्या लोकांच्या बागांत जाऊन तपासणी करत, फवारणी करत, पुढच्या हंगामासाठी सूचना देत. त्यांच्याकडे मुख्यतः गुलाब येत, पण गुलाबाच्या शेजारी जे जे उभं असे तेही आलंच. 'झाडांची डॉक्टर' हीच त्यांची ओळख झाली आणि १९३७ मध्ये निघालेल्या त्यांच्या पुस्तकाचं नावही तेच. बागेतल्या किड्यांवर त्यांनी वेगळं पुस्तक लिहिलं आणि १९५० मध्ये वनस्पतिरोगांचा जाडजूड हस्तग्रंथ प्रसिद्ध केला. नंतरच्या लोकांनी त्याच्या सुधारित आवृत्त्या काढल्या, त्यांवरही वेस्टकॉट यांचं नाव कायम राहिलं. या ग्रंथाची रचना उद्बोधक आहे. आधी रोगांची वर्णनं, मग झाडांची यादी आणि प्रत्येक झाडाखाली त्याला होऊ शकणारे रोग. एकच गोष्ट दोन दारांतून गाठता येते. बागेत उभ्या असलेल्या माणसाला रोगाचं नाव माहीत नसतं, झाडाचं असतं. तो झाडाच्या दारानं आत शिरतो आणि त्याला यादी मिळते. यादीतलं आपलं कोणतं, हे मात्र त्याला पुन्हा पानापाशी वाकूनच ठरवावं लागतं.

समजा, पान पिवळं आहे. पहिला प्रश्न, कोणतं पान? खालची जुनी पानं सरसकट फिकट होत चालली असतील, तर झाडाला नत्र कमी पडतंय. नत्र झाडात हिंडतं-फिरतं, चणचण भासली की झाड म्हाताऱ्या पानांतून ते काढून नव्यांना देतं. घरातल्या थोरल्यांनी आपल्या ताटातलं पोरांच्या पानात वाढावं, तसा हा व्यवहार. लोहाचं तसं होत नाही. ते जिथे पोचलं तिथेच बसतं, त्यामुळे त्याची टंचाई नव्या, शेंड्याच्या पानांवर आधी दिसते. शिरा हिरव्या आणि मधली जागा पिवळी, असं जाळीदार पान. पश्चिम महाराष्ट्रातल्या चुनखडीच्या जमिनीत ऊस लावणाऱ्यांना हे चित्र नीट ठाऊक आहे, त्याला ते केवडा पडला असं म्हणतात. जमिनीत लोह नसतं असं नाही. चुन्यामुळे ते मुळांना घेता येत नाही. अमेरिकन उपनगरात हाच प्रकार घराच्या भिंतीलगत दिसतो, कारण पायाच्या काँक्रीटमधून चुना हळूहळू मातीत झिरपत असतो. अंगणाच्या मधला फ्लॉक्स हिरवागार आणि भिंतीजवळचा पिवळा, तर दोष रोपात शोधायचा कशाला?

दुसरा प्रश्न, पिवळेपणा सलग आहे की बारीक टिंबांचा? दुरून पान निस्तेज, धुळकट वाटतं आणि जवळ घेतलं की सुईच्या अग्रानं टोचल्यासारखे असंख्य फिके ठिपके दिसतात. पांढरा कागद पानाखाली धरून काडीला टिचकी मारायची. कागदावर पडलेले धुळीचे कण चालायला लागले, तर ते कोळी. दोन ठिपक्यांचा हा कोळी जेमतेम अर्धा मिलिमीटरचा असतो आणि कडक, कोरड्या उन्हाळ्यात त्याची पिढी भराभर वाढते. पानाच्या मागे बारीक जाळं असतं, ते दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली स्पष्ट होतं. कोळी हा कीटक नाही, त्याला आठ पाय असतात. वाटेल ते कीटकनाशक मारलं तर त्याला खाणारे मित्रकिडे मरतात, तो मात्र पुष्कळदा तरतो आणि मग रान मोकळं मिळाल्यासारखा वाढतो. पानांच्या मागच्या बाजूनं पाण्याची जोरदार धार मारणं हा साधा उपाय अनेकदा पुरेसा होतो. गंमत अशी की पान भिजवू नका, असं बजावणारेच बाग-सल्लागार या एका ठिकाणी पान धुवा म्हणतात.

ठिपके जरा मोठे असतील तर आणखी दोन शक्यता. सेप्टोरिया नावाच्या बुरशीचे ठिपके तळच्या पानांपासून वर चढतात. ते गोल असतात, कडा गडद तपकिरी किंवा जांभळट आणि मध्य राखाडी-पांढरा. त्या पांढऱ्या मध्यात भिंगातून काळे कण दिसतात, ती बुरशीची बीजपात्रं. पण असेच गोल, खोलगट डाग वरच्या कोवळ्या पानांवर, सारख्या आकाराचे, रातोरात आल्यासारखे दिसले, तर ते बहुधा चार काळ्या पट्ट्यांच्या एका हिरवट-पिवळ्या ढेकण्याचं काम. तो पानाच्या पेशींत लाळ सोडतो, तेवढा भाग विरघळतो, तो रस पितो आणि पुढे सरकतो. माणसाची सावली पडताच पानामागे लपतो. त्यामुळे बागेत येणाऱ्याला डाग दिसतात, डाग पाडणारा दिसत नाही आणि बुरशीनाशकाची बाटली निघते. फ्लॉक्सचा स्वतःचा असाही एक ढेकण्या आहे, लोपिडिया डेव्हिसी. नारिंगी-लाल अंग, पाठीवर काळे पट्टे, लांबी सहा मिलिमीटरच्या आसपास. तो शेंड्याची कोवळी पानं आणि कळ्या शोषतो. पानांवर फिके, पांढुरके चट्टे पडतात, शेंडा खुरटतो. त्याची अंडी हिवाळाभर फ्लॉक्सच्या काड्यांतच असतात. ही गोष्ट पुढे कामाला येईल.

आता आकार. शेंड्याची पानं रुंदी हरवून बसतात, कधी कधी तर मधल्या शिरेपुरती दोऱ्यासारखी उरतात. काडी सुजते, चिरते, वाढ खुंटते. हे काम एका सूत्रकृमीचं, डायटिलेंकस डिप्सासी. १८५७ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ यूलियस क्यून यांनी टीझल नावाच्या काटेरी झाडाच्या फुलोऱ्यात तो प्रथम ओळखला. वाळला तरी तो मरत नाही, वर्षानुवर्षं निपचित पडून राहतो आणि ओल मिळाली की हालचाल करतो. पण दोऱ्यासारखं पान पाहिलं म्हणून लगेच त्याचं नाव घेऊ नये. शेजारच्या हिरवळीवर रुंद पानांचं तण मारायला टू-फोर-डी फवारलं गेलं असेल आणि वाऱ्यानं त्याचा अंश इकडे आला असेल, तरी पानं अशीच पिळवटतात. ते औषध झाडाच्या वाढीच्या संप्रेरकाचं सोंग घेतं आणि पेशींना भलतीकडे वाढवतं. दोन्हींतला फरक एका पानात सापडत नाही, बागेत सापडतो. फवाऱ्याची झळ असेल तर त्या बाजूच्या टोमॅटोचीही पानं मुडपलेली असतील, द्राक्षाच्या वेलाचीही. सूत्रकृमी असेल तर एक-दोन गड्डे आजारी आणि शेजारची भलती झाडं ठणठणीत.

या सूत्रकृमीची एक खोड माळ्यांनी हेरून ठेवली आहे. तो काडीत आणि पानात राहतो, मुळांत जात नाही. म्हणून एखादी दुर्मिळ जात वाचवायची असेल, तर हिवाळ्यात गड्डा खणायचा, जाडसर मुळं धुऊन त्यांचे बोटभर तुकडे करायचे आणि स्वच्छ मातीत आडवे पुरायचे. वसंतात त्यातून फुटणारं रोप त्याच जातीचं असतं आणि निरोगी असतं. वर रोगानं पोखरलेलं झाड खाली स्वतःची कोरी प्रत जपून ठेवतं. मात्र ज्यांच्या पानांवर मलईच्या रंगाची किनार असते, त्या 'नोरा ली'सारख्या जातींत ही युक्ती फसते. मुळांपासून फुटलेलं रोप साध्या हिरव्या पानांचं निघतं. 'नोरा ली' पहिल्यांदा पाहणाऱ्याला तीच आजारी वाटते, हा आणखी एक विनोद. तिचा फिकेपणा म्हणजे हरितद्रव्य नसलेल्या पेशींचा थर आणि त्यासाठी लोक जास्तीचे पैसे मोजतात.

कधी फुलंच हिरवी येतात. पाकळ्यांच्या जागी पानासारखे तुकडे, झाड पिवळसर, बारीक फांद्यांचा झुबका. ॲस्टर यलोज या नावानं ओळखला जाणारा हा रोग तुडतुडे पसरवतात, हे संशोधक एल. ओ. कुंकेल यांनी १९२६ मध्ये दाखवून दिलं. विषाणू म्हणूनच सगळे त्याचा शोध घेत राहिले. अशा रोगांमागे पेशीभिंत नसलेले, जिवाणूंच्या जातकुळीतले सूक्ष्म जीव असतात, हे जपानी संशोधकांनी १९६७ मध्ये उघड केलं. याला औषध नाही. झाड मुळासकट उपटून टाकायचं. भुरीवर महिनोन् महिने फवारे मारणारा माणूस इथे मात्र घुटमळतो, कारण हिरवं फूल त्याला एखादी नवीच जात वाटते आणि तो ते जपून ठेवतो.

आणि काही वेळा कुणीच गुन्हेगार नसतो. तळची पानं तपकिरी होतात, वाळतात, ते लोण वर चढतं, प्रयोगशाळेत पान पाठवलं तर ना बुरशी सापडते ना जिवाणू. वेस्टकॉट यांच्या पिढीपासूनचे जाणकार याला शरीरधर्माचा बिघाड म्हणत आले. जुन्या, गच्च झालेल्या गड्ड्यावर नव्या काड्यांची गर्दी होते, ऐन उन्हाळ्यात त्या मागतील तेवढं पाणी जुन्या बुंध्यातून वर चढत नाही आणि मग खालच्या पानांचा बळी जातो. इलाज कुदळीचा. दर तीन-चार वर्षांनी गड्डा खणून फोडायचा, बाहेरचे जोमदार भाग दीड-दोन फुटांवर लावायचे, वसंतात प्रत्येक गड्ड्याच्या चार-पाचच काड्या राखून बाकीच्या काढायच्या. त्यानं वारा खेळतो आणि भुरीही कमी होते.

पान दाखवून निदान करून घ्यायची सोयही आहे. १९१४ च्या स्मिथ-लिव्हर कायद्यानं अमेरिकेत विद्यापीठाचं शेतीज्ञान गावोगाव पोचवणारी यंत्रणा उभी राहिली. १९७२ मध्ये वॉशिंग्टन राज्यात त्याच यंत्रणेतून हौशी बागकर्मींना शिकवून तयार करण्याचा उपक्रम सुरू झाला. या यंत्रणेच्या रोगनिदान केंद्रांवर नमुना कसा आणावा याचे नियम वाचण्यासारखे असतात. एकटं पान आणू नका, जमलं तर मुळांसकट रोप आणा. ओलं करून प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, कागदात गुंडाळा. पूर्ण मेलेलं आणू नका, अर्धं आजारी आणि अर्धं चांगलं असं आणा, कारण रोगाची सीमारेषा तिथेच दिसते. त्यासोबत प्रश्नांचा कागद असतो: पाणी कधी घालता, किती दिवसांपासून असं दिसतंय, जवळ काय फवारलं, शेजारी काय लावलंय. बरीच उत्तरं घरीच सापडतात, कागद भरता भरता.

भुरीवरच्या औषधांचा इतिहासही फ्लॉक्सच्याच मुलखातून गेलेल्या एका भुरीपासून सुरू होतो. १८४५ मध्ये इंग्लंडमधल्या मार्गेट इथे एडवर्ड टकर नावाच्या माळ्याला काचघरातल्या द्राक्षवेलीवर अनोळखी पांढरी पूड दिसली. ती अमेरिकेहून आलेली भुरी होती. पुढच्या दशकात तिनं फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांची दैना केली आणि टकरनं वापरलेलं गंधक तिच्यावरचं मुख्य हत्यार ठरलं. आजही सांगलीच्या बागेत आणि न्यू जर्सीच्या परसात गंधकच फवारलं जातं. ऊन बत्तीस अंशांच्या वर गेलं की त्यानं पानं करपतात, म्हणजे ऐन ऑगस्टमध्ये मोजूनमापून. १९९९ मध्ये ब्राझीलचे संशोधक वॅग्नर बेत्तिओल यांनी भोपळ्याच्या कुळातल्या झाडांवर पाण्यात मिसळलेलं गाईचं दूध फवारून भुरी आटोक्यात येते असं दाखवलं, तेव्हापासून दुधाची फवारणी परसबागांत लोकप्रिय आहे. सगळ्यांत एक गोष्ट समान: पान पांढरं होण्याआधी फवारलं तरच उपयोग. झाल्यावर फवारणं हे बहुतांशी फवारणाऱ्याच्या समाधानासाठी.

काहींनी फवाऱ्याचा नादच सोडला आणि जात बदलली. पेनसिल्व्हेनियात चॅड्स फोर्डला ब्रँडीवाइन कॉन्झर्व्हन्सीच्या आवारात सापडलेला पांढरा 'डेव्हिड' भुरीला सहजी बळी पडत नाही म्हणून गाजला आणि २००२ मध्ये त्याला अमेरिकेत वर्षातलं सर्वोत्तम बहुवर्षायू झाड म्हणून निवडलं गेलं. पुढे डेलावेअरमधल्या माउंट क्युबा सेंटरनं फ्लॉक्सच्या अनेक जाती शेजारी शेजारी वाढवून पाहिल्या. त्यात अव्वल ठरली 'जीना', टेनेसीतल्या नॅशव्हिलजवळ हार्पेथ नदीकाठी रानातच सापडलेली. तिची फुलं जातीतल्या इतरांच्या मानानं अगदी चिमुकली. पानं मात्र सप्टेंबरातही स्वच्छ, आणि फुलपाखरांची गर्दी सगळ्यांहून तिच्यावर जास्त. दीडशे-दोनशे वर्षं संकरकारांनी मोठ्या पाकळीसाठी कष्ट घेतले. ही नदीकाठची पोर त्यांच्याशिवायच तयार झालेली होती. अर्थात एका गावात न बाधणारी भुरी दुसऱ्या गावात बाधू शकते, त्यामुळे रोपाच्या चिठ्ठीवर छापलेलं 'रोगप्रतिकारक' हे विशेषण शेजाऱ्याच्या बागेत जाऊन पडताळलेलं बरं.

ऑक्टोबरात पहिलं दंव पडतं, फ्लॉक्सच्या काड्या वाळतात आणि कात्री हातात घेतलेल्या माणसापुढे वर्षातला शेवटचा पेच उभा राहतो. भुरीची काळी बीजपात्रं याच कचऱ्यात हिवाळा काढणार आहेत, लोपिडियाची अंडी याच काड्यांत आहेत. म्हणजे सगळं जमिनीलगत कापून, पालापाचोळा गोळा करून बागेबाहेर टाकायला हवं. पण गेल्या काही वर्षांत याच भागातले निसर्गप्रेमी उलट सांगू लागले आहेत: वाळलेली बाग तशीच राहू द्या, काड्यांत आणि पाल्यात असंख्य निरुपद्रवी किडे, एकेकट्या राहणाऱ्या मधमाश्या आसरा घेतात, बिया पाखरं टिपतात. फ्लॉक्सच्या गड्ड्याशी दोन्ही सल्ले एकदम येऊन उभे राहतात. कुणी फक्त फ्लॉक्स कापतं आणि बाकीची बाग राखतं. कुणी उन्हाळ्यात ज्या गड्ड्यांना भुरी आली होती त्यांना खूण करून ठेवतं आणि तेवढेच छाटतं. कुणी गुडघाभर काड्या उभ्या ठेवून मार्चमध्ये बघू म्हणतं, आणि मार्चमध्ये त्या काड्यांच्या बुडाशी जांभळट रंगाचे नवे कोंब वर येऊ लागतात, तेव्हा तो रंग थंडीचा आहे की कशाची सुरुवात, हे पाहायला पुन्हा खाली वाकतं.